कच्छच्या रबारी आज्यांची व्यक्तिचित्रं: फोटोवरून की समोर बसवून?

सावलीतली_रेघ
नमस्कार मंडळी. डिसेंबरात भुजला आणि तिथून अंजारकडच्या गावांत जातेय. तिथल्या रबारी या पशुपालक समाजातल्या आज्यांची तैलरंगात व्यक्तिचित्रं करायची आहेत, एका ओळखीतून घरी बसायची सोयही झालीय. दोन ठिकाणी अडलेय. त्यांची काळी लोकरीची ओढणी, लुडी, सरावात रंगवली की चेहऱ्याभोवती नुसता काळा खड्डा दिसतो. आणि गोंदण, चांदी, भरतकाम दाखवायला गेलं की माणूस मागे पडतो. फोटोवरून करावं का?

कोल्हापूरचा_ब्रश
ताई, फोटो जरूर काढा, पण नक्षीपुरते. चेहरा समोर बसूनच करा. कॅमेरा एकतर लुडी काळी ठार करतो, नाहीतर चेहरा पांढराफटक.

ट्यूबमधला काळा आधी बाजूला ठेवा. अल्ट्रामरिन निळा आणि बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी मिसळा. उन्हातली काळी लोकर तपकिरी दिसते, सावलीतली निळसर, कारण तिच्यावर आकाश पडलेलं असतं. ट्यूबमधला काळा, म्हणजे आयव्हरी ब्लॅक, फक्त मानेजवळच्या खोल घडीत. लुडी वणकर विणकरांनी विणलेली आणि खत्री रंगाऱ्यांनी बांधणी केलेली असते. ते लाल ठिपके मोजत बसू नका. डोळे बारीक करून पाहा, जेवढे उरतील तेवढेच घ्या.

गोंदण सगळ्यात शेवटी. त्याला तिथे त्राजवां म्हणतात. म्हाताऱ्या कातडीवर ते निळं राहत नाही, राखाडी-हिरवं होतं आणि कडा विरतात, कारण शाई कातडीच्या आत असते. वरून ठिपके दिलेत तर चिकटवल्यासारखे दिसतील. त्वचेचा रंग ओला असतानाच त्यात दाबा.

आणि एक मनापासून सांगतो. मी ज्या आजींसमोर बसलो, त्यांनी चित्रासाठी चष्मा काढून ठेवला. एक काडी मोडलेली, तिथे काळा दोरा बांधून कानामागे अडकवलेला. मी तो परत घालायला सांगितला. त्या चष्म्यातूनच त्या दिवसभर सुई ओवतात, तो काढला तर त्यांची नजरच जाते. पुढे एका गॅलरीने ‘पारंपरिक वाटत नाही’ म्हणून ते चित्र नाकारलं. आजही मी चष्मा ठेवीनच.

जुनी_चौकट
मला हे पूर्ण पटत नाही. पेहराव नोंदवणं हेही चित्रकाराचं काम आहे. चित्रकार म. वि. धुरंधरांनी ऑटो रॉथफेल्ड यांच्या १९२० च्या पुस्तकासाठी भारतभरच्या स्त्रियांची जलरंगचित्रं केली. पदर कुठून घेतलाय, ओचा कसा खोचलाय, हे आज आपण त्यांच्यामुळेच पाहतो. चष्मा कुठेही दिसेल, हे कपडे उद्या दिसणार नाहीत.

कोल्हापूरचा_ब्रश
धुरंधरांबद्दल आदर आहेच, त्यांच्या रेषेवरच आम्ही शिकलो. पण ती चित्रं ‘अमक्या समाजाची स्त्री’ अशी आहेत, व्यक्तिचित्रं नव्हेत. ताईंना माणूस हवाय. आणि नोंदच करायची तर खरी करू. अंजारकडच्या ढेबरिया या रबारींच्या पोटशाखेच्या पंचायतीने १९९५ मध्ये भरतकाम वापरायला बंदी घातली. हुंड्यासाठी भरतकाम पुरं करता करता लग्नं लांबत होती. बायकांनी मग तयार लेस आणि रिबिनी लावून नवीच कला उभी केली. तिथल्या तरुण सुनेच्या अंगावर आपण मनाने आरसेकाम चढवलं तर ती नोंद खोटी. लेस रंगवा, ती त्यांचीच आहे.

सावलीतली_रेघ
काका, खूप आभार. चष्मा राहणार! पैशाचं कसं बोलायचं? अवघड वाटतं.

कोल्हापूरचा_ब्रश
पहिल्याच दिवशी, घरातल्या सगळ्यांसमोर बोला. त्या बसतात तेवढा वेळ त्यांचं काम बंद असतं, म्हणून दिवसाची मजुरी द्यायचीच, चित्र जमो न जमो. चित्र प्रदर्शनात लावलं, विकलं तर चालेल का, हेही तेव्हाच विचारा. नको म्हणाल्या तर विषय संपला. तिथे पेन्सिल आणि जलरंगातच काम करा, प्रत्येक रंगाच्या टिपणाशेजारी वेळ लिहा, तैलरंग घरी. सकाळी दहाच्या आत बसवा, नंतर अंगणातला उजेड सपाट होतो. पूर्ण झालेल्या चित्राचा प्रिंट पोस्टाने पाठवा, त्यासाठी पत्ता निघायच्या आधी कुणाकडून तरी गुजरातीत लिहून घ्या.