मॉड = सुधारित आवृत्ती? शब्द सुचवा

पानकळा: व्हिडिओ गेमच्या चाहत्यांच्या करामतींवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. 'मॉड'पाशी, म्हणजे चाहत्यांनी मूळ गेममध्ये स्वतः केलेल्या बदलापाशी, घोडं अडलं. मी तसाच ठेवला होता, संपादकांनी सगळीकडे 'सुधारित आवृत्ती' करून टाकलं. आता वाक्य असं झालंय: 'स्कायरिमच्या एका सुधारित आवृत्तीत ड्रॅगनच्या जागी थॉमस हे रेल्वे इंजिन शिट्टी वाजवत अंगावर उडत येते.' (स्कायरिम हा ड्रॅगनवाला गेम.) यात सुधारलं काय?

तळटीप: 'फेरबदल' आहे की. स्वच्छ मराठी. दरवेळी इंग्रजीपुढे हात पसरायलाच हवा का?

एकपेशीय: फेरबदल मंत्रिमंडळात होतात. मॉड हा कुणीतरी बाहेरच्याने मूळ खेळावर चढवलेला असतो. काउंटर-स्ट्राइक हा गेम १९९९ मध्ये हाफ-लाइफ या गेमचा मॉड म्हणूनच आला, पुढच्या वर्षी हाफ-लाइफवाल्या वॉल्व कंपनीने स्वतः तो विकायला काढला. 'हाफ-लाइफचा फेरबदल' म्हणून बघा एकदा.

बोरू: मग 'कलम' म्हणा. खोड जुनं, फळ वेगळं. खेळ चालवणारं आतलं इंजिन तेच, वर दुसराच खेळ. कलमी खेळ!

तळटीप: कलम अरबी.

बोरू: आणि तुमच्या फेरबदलातला 'बदल' कुठला हो? तोही तिकडचाच.

जुनाट जॉयस्टिक: शब्दकोश मिटा जरा. आमच्यात याला 'उपद्व्याप' म्हणतात. डूम घ्या. १९९३ चा गेम, १९९७ मध्ये सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्राम, सगळ्यांना खुला झाला, तेव्हापासून लोक तो कॅल्क्युलेटरवर चालव, प्रिंटरच्या इवल्याशा पडद्यावर चालव, असलेच उद्योग करतायत. २०२० मध्ये एकाने डिजिटल गर्भचाचणी किटवर चालवला!

एकपेशीय: किट'वर'? त्यातला प्रोसेसर आणि पडदा दोन्ही बदलले होते. मूळचं उरलं ते प्लास्टिकचं कवच. किट'मध्ये' म्हणा फार तर.

जुनाट जॉयस्टिक: तेच तर म्हणतोय. कष्ट अफाट, उपयोग शून्य, आणि वर लोकांना दाखवायची हौस. शुद्ध उपद्व्याप.

पानकळा: पण त्यात बोलणी खाल्ल्याचा वास येतो ना? 'कुणी सांगितले होते नसते उपद्व्याप!' लेखात पुढे एएमटूआर नावाचा गेम आहे. मेट्रॉइड २ हा १९९१ चा गेमबॉयवरचा खेळ एका चाहत्याने वर्षानुवर्षं खपून नव्याने उभा केला, २०१६ मध्ये फुकट वाटला, आणि मूळ खेळाच्या मालक कंपनीने, निन्टेन्डोने, लगोलग डाउनलोड काढायला लावलं. त्याला उपद्व्याप म्हटलं तर मी निन्टेन्डोच्या वकिलांच्या बाजूची वाटेन.

बोरू: उपद्रव + व्याप = उपद्व्याप. वकिलांचं बरोबरच आहे.

तळटीप: ही व्युत्पत्ती घरगुती दिसते. 'र' कुठे गेला?

बोरू: घाईत गळला. लोक बोलतात, संधी सोडवत बसत नाहीत.

एकपेशीय: मुळात एएमटूआर मॉड नाहीच! मॉडला मूळ गेम तुमच्याकडे असावा लागतो, त्याच्याशिवाय तो हलत नाही. हा सगळा पायापासून बांधलेला, एकटा चालतो. फॅनगेम म्हणतात त्याला. दोन्हींना एकच शब्द लावलात तर तुमचा लेखच चुकेल, मग मराठी कितीही गोमटी असो.

संथवाचक: पानकळाताई, पहिल्याच ओळीत तुम्ही 'करामती' लिहिलंय. तोच ठेवा की.

तळटीप: करामतही अरबी.

जुनाट जॉयस्टिक: यांना कुणीतरी आवरा.

संथवाचक: मला वेगळाच प्रश्न पडलाय. तो मॉड की ते मॉड? माझा भाचा 'ते मॉड' ऐकून हसतो.

तळटीप: तो कोड, म्हणून तो मॉड. 'ते कोड' अंगावर उठतं.

बोरू: आणि 'ती गेम' म्हणणाऱ्यांनी काय करायचं? वर सगळ्यांनी बिनदिक्कत 'तो गेम' लिहिलाय. आमच्या घरी आजतागायत कुणी 'तो गेम' खेळलेला नाही.

एकपेशीय: वेगळा धागा काढा.

बोरू: काढतो. शीर्षक 'ती गेम'च असेल.