जेरेमी ब्रेट: होम्सने रंगभूमीचा नट पळवला का?

तिसरी घंटा:
जेरेमी ब्रेट होम्स झाला ती ग्रॅनाडा टेलिव्हिजनची शेरलॉक होम्स मालिका (१९८४ ते १९९४, एकूण ४१ भाग) मलाही प्रिय आहे. तरी माझं मत ठाम आहे, की त्या दहा वर्षांत इंग्लिश रंगभूमीने एक मोठा नट गमावला. १९६७ ते १९७१ ब्रेट लॉरेन्स ऑलिव्हिएच्या नॅशनल थिएटरमध्ये होता. सगळ्या स्त्रीभूमिकाही पुरुषांनीच केलेल्या 'ॲज यू लाइक इट'मध्ये तो ऑर्लँडो झाला. 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये ऑलिव्हिएच्या शायलॉकबरोबर बसानिओ केला. आणि इंगमार बर्गमनने बसवलेल्या 'हेडा गाब्लर'मध्ये मॅगी स्मिथचा नवरा टेसमन! पुस्तकांत बुडालेला, भाबडा माणूस. इतक्या देखण्या नटाने ती भूमिका घेणं यातच त्याची भूक कळते. असा नट पन्नाशीला आला, की त्याच्या लिअरची, शेक्सपिअरच्या त्या म्हाताऱ्या राजाची, वाट बघायची असते. तो लिअर कुणालाच मिळाला नाही.

खिडकीपाशी:
अजिबात पटलं नाही. त्याचा होम्स ही रंगभूमीचीच कमाई आहे. होम्स कसा बसतो, काय खातो, कुणाशी कसा वागतो, याचं ७७ पानांचं टिपण त्याच्याजवळ असायचं. संहिता मूळ लेखक कॉनन डॉयलच्या मजकुरापासून ढळली की तो भांडायचा. होम्सकथांसोबत छापलेल्या सिडनी पॅजेटच्या मूळ चित्रांतल्या उभं राहण्याच्या ढबी त्याने जशाच्या तशा उचलल्या. आणि तो आवाज! जन्मतः त्याला 'र' नीट म्हणता येत नव्हता. पोरवयात जिभेची शस्त्रक्रिया झाली, पुढे आयुष्यभर तो उच्चारांचा रियाज करत राहिला. होम्सचं ते अचानक फुटलेलं, लगेच मिटलेलं हसू पाहा. कॅमेऱ्यासमोर इतकं मोठं काही करायची हिंमत नाटकाच्या नटाकडेच असते.

तिसरी घंटा:
मग १९८८ साली लंडनच्या विंडहॅम्स थिएटरमध्ये तो परतला तो कोण म्हणून? पुन्हा होम्सच. वॉटसन झालेला एडवर्ड हार्डविक आणि तो, दोनच पात्रांचं नाटक. नॅशनलमध्ये टेसमन केलेल्या माणसाला स्वतःच्या गावी परतायलाही होम्सचा कोट घालावा लागला. माझं दुःख हेच आहे.

भटक्या:
याच मालिकेत उलट वाट धरणाराही होता. पहिला वॉटसन डेव्हिड बर्क. १३ भागांनंतर त्याने काम सोडलं, रॉयल शेक्सपिअर कंपनीत गेला, कारण बायको-मुलाजवळ राहायचं होतं. म्हणजे दार उघडंच होतं. ब्रेट थांबला तो स्वतःच्या मर्जीने. त्याला बळी ठरवू नका.

निंबोणी:
'होम्सने ब्रेटला खाल्लं' असं जिथे तिथे वाचते आणि जीव तुटतो. त्याला बायपोलर आजार होता. १९८५ च्या जुलैत पत्नी जोन विल्सन कर्करोगाने गेली, त्यानंतर तो पार कोसळला, इस्पितळात राहिला. त्या आजारावरचं औषध, लिथियम, सुरू झालं. सोळाव्या वर्षीच्या संधिवाती तापाने हृदय आधीच दुबळं झालेलं, त्यात ही औषधं. शेवटच्या भागांत सुजलेला, धापा टाकणारा दिसतो तो त्यामुळे. १२ सप्टेंबर १९९५ ला, ६१ व्या वर्षी हृदय बंद पडून तो गेला. माझ्या घरात हा आजार आहे. भूमिकेत बुडाला म्हणून वेडा झाला, ही गोष्ट ऐकायला छान वाटते, पण ती आजारी माणसावर अन्याय करते.

तिसरी घंटा:
निंबोणी, आजार होम्समुळे झाला असं माझं म्हणणं नाही. पण १९९४ च्या 'द मॅझरिन स्टोन'मध्ये त्याची प्रकृती इतकी ढासळली, की तपासाचं काम होम्सचा भाऊ मायक्रॉफ्टच्या, म्हणजे चार्ल्स ग्रेच्या गळ्यात घालावं लागलं. त्या अवस्थेत चित्रीकरण पुढे रेटायला नको होतं. हे मी निर्मात्यांना सुनावतो, त्याला नाही.

निंबोणी:
रेटायला नको होतं, मान्य. पण घरी बसवणं हा त्याच्यासाठी उपाय होता, हे मला पटत नाही. काम हातात असलं की आमच्याकडचं माणूस उभं राहतं, हे मी रोज बघते.

खिडकीपाशी:
लिअरचं म्हणाल तर एक सांगतो. कोकेन टोचून घेणाऱ्या होम्सची ही मालिका लहान मुलंही बघतात हे ब्रेटच्या ध्यानात आलं, तेव्हा डॉयलची मुलगी डेम जीन हिची परवानगी घेऊन 'द डेव्हिल्स फूट'मध्ये त्याने होम्सला कोकेनची सिरिंज कॉर्नवॉलच्या वाळूत पुरायला लावली. मूळ कथेत हे नाही. मजकुरासाठी भांडणाऱ्या माणसाने तिथे स्वतःहून मजकूर मोडला, तो प्रेक्षकांतल्या पोरांसाठी. लंडनच्या नाट्यगृहात लिअर करून ही पोरं त्याला कुठे भेटली असती?