मदत हवी आहे: बीएस्सीच्या मुलांना मेजर (मुख्य विषय) निवडताना १५ मिनिटांत बोलतं कसं करायचं?

नमस्कार, मी सांगलीत सायन्स कॉलेजला शिकवते. २०२० च्या शैक्षणिक धोरणामुळं आमच्याकडं पहिल्या वर्षी तीन विषय आणि दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर, एक मायनर (दुय्यम विषय), तर ते निवडायला मुलांना मदत करायचं काम आमच्याकडं आलंय. मुलं १२०, आम्ही दोघीच, म्हणजे एकाला जेमतेम १५ मिनिटं.

आवडीनिवडीचा फॉर्म भरून घेतला, निम्म्यांनी शेजारच्याचं बघून लिहिलं. कुपवाड एमआयडीसीत लॅबला असलेला माजी विद्यार्थी बोलवला, छान बोलला तो, पण त्यानंतर सगळेच केमिस्ट्री म्हणायला लागले. परवा जतकडची एक मुलगी आली, वहीच्या मागच्या पानावर तिनं पानाफुलांच्या इतक्या बारीक आकृत्या काढलेल्या, शिरा न् शिरा दिसत होती, आणि फॉर्मवर केमिस्ट्री! विचारलं तर म्हणे, "मॅडम, बॉटनी घेऊन काय करणार, असं घरी म्हणतात." मला काही सुचलंच नाही, अजून मनातनं जात नाही ते. राज्यसेवेला बहुतेक पदांसाठी कुठल्याही शाखेची पदवी चालते हेसुद्धा कित्येकांना माहीत नाही.

पैसे देऊन मुलांचा कल बघायची टेस्ट घ्यायला बजेट नाही, बोलणं मराठीतच पाहिजे, आणि चारनंतर कुणाला थांबवता येत नाही, एसटी चुकते.

कुणी हे काम केलं असेल तर सांगा, पहिल्या पाच मिनिटांत नेमकं काय विचारता की मूल घरच्यांचं सोडून स्वतःचं बोलायला लागतं? आणि पालकांना सोबतच बोलवायचं की मुलाशी बोलून झाल्यावर?