मदत हवी आहे: बुद्धविचार समजून घ्यायचा आहे, श्रद्धा नाही. सुरुवात कुठून करू?

सिडकोकर

नमस्कार मंडळी. बुद्धांनी नेमकं काय सांगितलं ते नीट समजून घ्यायचं आहे. मी देव, आत्मा, पुनर्जन्म मानत नाही. दीक्षा किंवा पूजाविधी हाही हेतू नाही. मराठी वाचन चांगलं आहे, सोपं इंग्रजी जमतं. दोन-तीनच पुस्तकं सांगा, पण क्रमाने. धम्मपद आधी घ्यावं का? बाबासाहेबांचा ग्रंथ केव्हा? चमत्कार आणि पूर्वजन्माच्या गोष्टी आल्या की त्यांचं काय करायचं? पुस्तकं नाशकातच मिळाली तर उत्तम.

गोदाकाठ

पाली भाषेचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांचं 'भगवान बुद्ध' घ्या. १९४० च्या सुमाराचं आहे, तरी श्रद्धा नसलेल्या वाचकासाठी मराठीत याहून चांगली सुरुवात नाही, असं माझं ठाम मत आहे. कोसंबी आधी पुरावा ठेवतात, मग निष्कर्ष काढतात. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थ मध्यरात्री गुपचूप घराबाहेर पडला, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. पण मज्झिमनिकाय या पाली सुत्तसंग्रहातल्या (सुत्त म्हणजे उपदेश) अरियपरियेसन सुत्तात बुद्ध स्वतः सांगतात की आईवडील रडत असताना केस-दाढी काढून मी घर सोडलं. मग गुपचूप कसं? अशी छाननी या पुस्तकात जागोजागी आहे. चमत्कारांचं काय करायचं तेही यातूनच कळेल. जुन्या सुत्तात काय आहे आणि नंतरच्या अट्ठकथांत, म्हणजे टीकाग्रंथांत, काय वाढलं, हे वेगळं करून बघायचं.

अडचण एकच. पुस्तक 'आर्यांचा जय' या प्रकरणाने सुरू होतं. तिथला इतिहास आता जुना झालाय आणि नवा वाचक तिथेच अडकतो. तुम्ही थेट चौथ्या प्रकरणापासून, 'गोतम बोधिसत्त्व'पासून सुरू करा. पुढे 'आत्मवाद' आणि 'कर्मयोग' सावकाश वाचा. पहिली तीन सगळ्यात शेवटी. कोसंबी १९४७ साली गेले, त्यामुळे स्वामित्वहक्क संपलेला आहे आणि हे पुस्तक कोणीही छापू शकतं. घेताना संक्षिप्त आवृत्ती नाही ना आणि तळटीपा शाबूत आहेत ना, एवढं बघा. तळटीपा गाळल्या तर पुस्तकाचा अर्धा जीव गेला.

धम्मपद आधी नको. २६ वर्ग (प्रकरणं), ४२३ गाथा, आणि प्रत्येक गाथा सुटी. संदर्भ माहीत नसेल तर सुभाषितसंग्रह वाचल्यासारखं वाटतं आणि माणूस कंटाळतो. दुसरं पुस्तक म्हणून वालपोल राहुल यांचं 'व्हॉट द बुद्धा टॉट' (१९५९) घ्या. छोटं आहे, इंग्रजी सरळ आहे. दुसरं ते पाचवं प्रकरण चार आर्यसत्यांवर, सहावं अनात्मावर, म्हणजे कायम टिकणारा आत्मा नाही या विचारावर. सहावं दोनदा वाचा, कारण 'आत्माच नाही तर पुनर्जन्म कोणाचा?' हा प्रश्न तुम्हाला पडणारच.

नाशिकरोडचा वाचक

कोसंबींबद्दल सहमत. बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' तिसरा घ्या, पण त्याची प्रस्तावना आजच वाचा. गृहत्याग का, आर्यसत्यं मूळची आहेत का, आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्माचं काय, भिक्खू कशासाठी, असे चार प्रश्न तिथे रोखठोक विचारलेत. ते डोक्यात ठेवून कोसंबी वाचले तर वाचन धारदार होतं. ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर आला. तो सुत्तांचा नुसता अनुवाद नाही. निवड, मांडणी आणि अर्थ त्यांचा आहे. गृहत्यागाचं कारण ते शाक्य (बुद्धांचं कुळ) आणि शेजारचे कोलिय यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या वादात बघतात. आपल्याच जिल्ह्यात, येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ ला झालेली धर्मांतराची घोषणा आणि १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची दीक्षा, यांच्यामधला विचार समजायलाही हाच ग्रंथ लागतो.

आणखी एक. 'बुद्धांच्या उपदेशात पुनर्जन्म नाहीच' असं कोणी सांगितलं तर लगेच मान्य करू नका. पाली सुत्तांत तो भरपूर आहे. तो न मानता वाचायचं असेल तर अंगुत्तरनिकाय या सुत्तसंग्रहाच्या तिकनिपात या भागातलं कालाम सुत्त पूर्ण वाचा. 'कशावरही विश्वास ठेवू नका' एवढंच त्यातून उचललं जातं, ते चूक. निव्वळ तर्कावरही विसंबू नका, असं तिथे म्हटलंय. लोभ, द्वेष, मोह वाढतात की कमी होतात हे स्वतः बघा, आणि जाणते लोक कशाला वाईट म्हणतात तेही बघा, ही कसोटी. शेवटी तर परलोक नसला तरी निर्वैर मनाने इथेच सुखाने जगता येतं, असं स्पष्ट आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

त्रिरश्मी

पुस्तकांबरोबर नाशिकची पांडवलेणी बघून या, ती बौद्ध लेणी आहेत. ग्रंथांत तत्त्वज्ञान मिळतं, भिक्खूंचा खर्च कसा चालायचा ते लेण्यांत कळतं. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, कायम ठेव म्हणून दिले. २००० वर महिना शेकडा एक आणि १००० वर पाऊण व्याज. मुद्दलाला हात लावायचा नाही. २००० चं वर्षाचं व्याज २४० होतं, आणि वर्षावासातल्या (पावसाळी मुक्कामातल्या) वीस भिक्खूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी १२, म्हणजे बरोबर २४०. लिपी ब्राह्मी आहे, तेव्हा लेखाचा अनुवाद आधी वाचून जा. तिसरं लेणं आणि अठराव्या लेण्यातलं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं सभागृह, तेही चुकवू नका.

सिडकोकर

खूप आभार सगळ्यांचे. वाचनाबरोबरच इगतपुरीचं विपश्यना शिबिर करावं का?

गोदाकाठ

दहा दिवसांच्या शिबिरात वाचन-लेखन बंद असतं, म्हणून दोन्ही एकदम नको. आधी राहुल यांचं सातवं प्रकरण वाचा, ते ध्यानावर आहे, मग ठरवा. पुस्तकांसाठी सावानात (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) विचारा. शोधताना विषयावर थांबू नका, लेखकाच्या नावाने मागा. कोसंबींचं पुस्तक धर्माऐवजी चरित्रांच्या कपाटात लावलेलं असू शकतं. ड्यूई पद्धतीचे विषय-क्रमांक लावलेल्या ग्रंथालयात बौद्ध धर्माचा २९४.३ बघा.