चागास रोगाचा ढेकूण: ‘चावा’, ‘पाळीव’ आणि ‘वाहक’ या शब्दांची चर्चा

विचारणा

दक्षिण अमेरिकेतील चागास रोगावरील एका लेखाचे मराठी रूपांतर मी करीत आहे. त्यात माझ्या हातून पुढील वाक्य लिहिले गेले आहे: ‘पाळीव चुंबन-ढेकणाच्या चाव्यातून या रोगाचे जंतू माणसाच्या रक्तात शिरतात, हा ढेकूण या रोगाचा मुख्य वाहक आहे.’ व्याकरणात चूक दिसत नाही, तरी वाक्य खटकते. ‘किसिंग बग’साठी ‘चुंबन-ढेकूण’ चालेल का? आपल्या खाटेतला ढेकूण वेगळा असेल, तर याला ढेकूण म्हणावे का? मूळ लेखात ‘डोमेस्टिक’ आणि ‘सिल्व्हॅटिक’ ही जोडी पानोपानी येते. तिच्यासाठी मी ‘पाळीव’ आणि ‘रानटी’ हे शब्द घेतले आहेत. जाणकारांनी मत द्यावे.

पहिले उत्तर

‘ढेकूण’ अवश्य ठेवा. काढायचे ते ‘चुंबन’. खाटेतला ढेकूण आणि हा कीटक अर्धपंखी कीटकांच्या एकाच गणातले असले, तरी त्यांची कुळे निराळी आहेत. खाटेतला ढेकूण बिनपंखांचा आणि मसुरीच्या दाण्याएवढा असतो, तर चागास रोग पसरवणाऱ्या मुख्य जातींतील प्रौढ कीटक पंख असलेला आणि साधारण दोन ते तीन सेंटिमीटर लांबीचा असतो. परंतु मराठी शेतकऱ्याने ‘ढेकूण’ हा शब्द खाटेपुरता कधीच ठेवलेला नाही. फळबागेतला ‘पिठ्या ढेकूण’, कपाशीवरचा ‘लाल ढेकूण’, कोकणात काजूच्या मोहोरावर पडणारा ‘ढेकण्या’ ही सगळी नावे रोजच्या बोलण्यातली आहेत आणि त्यांपैकी एकही कीड खाटेतल्या ढेकणाच्या कुळातली नाही. सोंड खुपसून शोषणारा तो ढेकूण, ही समजूत आपल्या भाषेत आधीच रुजलेली असल्यामुळे वाचकाला हा शब्द परका वाटणार नाही.

ज्यांच्या घरांत हा कीटक राहतो त्यांनी त्याला दिलेली नावे पाहण्यासारखी आहेत. ब्राझीलमध्ये त्याला ‘न्हावी’ या अर्थाचा पोर्तुगीज शब्द वापरतात, कारण झोपलेल्या माणसाचे अंग पांघरुणात असते आणि उघडा राहतो तो चेहरा. तेथेच तो सोंड लावतो. अर्जेंटिना, बोलिव्हिया आणि चिली येथे तो ‘विंचुका’ आहे. हा शब्द अँडीज पर्वतातील स्थानिकांच्या केचुआ भाषेतला असून ‘स्वतःला खाली टाकणारा’ असा त्याचा अर्थ सांगितला जातो, आणि रात्री छपरातून अंथरुणावर टपकणाऱ्या किड्याला तो नेमका बसतो. व्हेनेझुएलात ‘चिपो’, पेरूमध्ये ‘चिरिमाचा’. मेक्सिकोत मात्र चुंबन सुचवणारे नाव आहे, हे मान्य केले पाहिजे. तरीही मराठीत ‘चुंबन’ म्हटले की लाड, माया किंवा शृंगार मनात येतो. ज्या किड्यामुळे वीस-तीस वर्षांनी माणसाचे हृदय निकामी होऊ शकते, त्याच्या नावात मला हा शब्द नको वाटतो. ‘विंचुका’ मला आवडला असता, पण मराठी कानाला त्यात आधी विंचू ऐकू येईल. म्हणून मी ‘चागास ढेकूण’ सुचवतो. (ब्राझीलमध्ये उच्चार ‘शागस’ असा आहे. कार्लोस शागस यांनी 1909 मध्ये मिनास जेराइस प्रांतातील लासान्स येथे, रेल्वेच्या कामावर मलेरियाच्या बंदोबस्तासाठी गेले असताना, हा रोग, त्याचा परजीवी आणि तो पसरवणारा कीटक यांची सांगड घातली. आपल्याकडे ‘चागास’ इतके रूढ झाले आहे की आता तेच चालवावे.)

‘चाव्यातून’ हा शब्द मात्र वस्तुस्थितीलाच धरून नाही आणि तो बदललाच पाहिजे. डास चावतो तेव्हा मलेरियाचा परजीवी त्याच्या लाळेतून येतो. येथे तसे होत नाही. रात्री मातीच्या भिंतीच्या भेगेतून ढेकूण बाहेर येतो, डोक्याखाली घडी करून ठेवलेली सोंड पुढे काढून कातडीत खुपसतो आणि सावकाश, दहा-वीस मिनिटे रक्त पितो. टोचल्याचे झोपलेल्याला बहुधा कळतही नाही. पोट टम्म फुगले की तो तेथेच किंवा जवळपास विष्ठेचा थेंब टाकतो. ट्रिपॅनोसोमा क्रूझी हा परजीवी त्या थेंबात असतो. झोपेतला माणूस खाजवतो आणि विष्ठा जखमेत किंवा डोळ्यात चोळली जाते; एका डोळ्याची पापणी सुजणे हे या रोगाचे जुने ओळखचिन्ह आहे. अशा घरांच्या भिंतींवर भेगांखाली काळपट ओघळ दिसतात, तीही त्याची विष्ठाच. उसाच्या रसात किंवा आसाई फळाच्या गरात असा ढेकूण चिरडला गेला, तर तोंडावाटेही लागण होते. तेव्हा ‘विष्ठेतून’ हा शब्द कितीही किळसवाणा वाटला तरी लिहावाच, कारण ‘चाव्यातून’ वाचणाऱ्याला भिंतीवरच्या ओघळांचा अर्थ कधीच कळणार नाही.

शंका

‘पाळीव’बद्दल आपण काहीच लिहिले नाही. ‘डोमेस्टिक अ‍ॅनिमल’ला आपण पाळीव प्राणी म्हणतो, मग ढेकणाला का म्हणू नये? शिवाय माझ्या समजुतीप्रमाणे घरातला ढेकूण आणि रानातला ढेकूण या जातीच वेगळ्या असतात, म्हणून ‘रानटी’ हाही शब्द मला योग्यच वाटतो.

दुसरे उत्तर

पाळायला कोणीतरी पाळणारा लागतो. कोंबडी पाळली, गाय पाळली. ढेकूण आपण होऊन घरात राहायला आला. म्हणून ‘घरवासी’ आणि ‘रानवासी’ असे शब्द घ्यावेत, आणि या दोहोंमधल्या स्थितीसाठी, म्हणजे कोंबड्यांचे खुराडे, शेळ्यांचा वाडा, सरपणाची रास यांत राहणाऱ्या ढेकणांसाठी, ‘परसवासी’ म्हणावे. घरात फवारणी झाल्यावर ढेकूण पुष्कळदा या परसातूनच परत येतो, त्यामुळे हा तिसरा शब्द गाळून चालणार नाही.

‘रानटी’ला माझी हरकत याहून मोठी आहे. ‘रानटी’ म्हटले की स्वभाव आणि जातकुळी सुचते, तर मूळ संज्ञा फक्त वस्तीचे ठिकाण सांगते. घरातला आणि रानातला ढेकूण एकाच कुळीचे आहेत की नाहीत, हे शब्दाने आधीच ठरवून टाकायचे नसते. ते जनुकांवरून तपासावे लागते, आणि तपासले तेव्हा ठिकठिकाणी उत्तर वेगळे आले. व्हेनेझुएलात ऱ्होडनियस प्रोलिक्सस ही जात घरांच्या शाकारलेल्या छपरांतही राहते आणि रानातल्या ताडवर्गीय झाडांच्या शेंड्यांतही. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्हीकडच्या ढेकणांच्या डीएनएची तुलना केली, तेव्हा त्यांच्यात जनुकांची देवघेव चालू असल्याचे आढळले. म्हणजे आज झाडावर असलेला ढेकूण उद्या छपरात येऊ शकतो, आणि केवळ घरे फवारून भागत नाही. तीच जात मध्य अमेरिकेत मात्र घरांपुरतीच होती, तिच्यातील जनुकीय विविधता अगदी थोडी होती, आणि तेथे फवारणीने ती हटवता आली.

ट्रायाटोमा इन्फेस्टन्स ही दुसरी मोठी जात. तिचे मूळ बोलिव्हियाच्या अँडीज खोऱ्यांत मानले जाते. तेथे ती अजूनही खडकांच्या कपारींत रानातल्या गिनीपिगांसोबत सापडते. माणसांच्या सामानासुमानातून ती दक्षिणेकडे पसरली, आणि तिकडे ती बहुतेक ठिकाणी घरे आणि परस यांतच राहिली. त्यामुळेच दक्षिण अमेरिकी देशांनी 1991 मध्ये सुरू केलेल्या संयुक्त मोहिमेनंतर उरुग्वेत 1997 मध्ये, चिलीत 1999 मध्ये आणि ब्राझीलमध्ये 2006 मध्ये या जातीमार्फत होणारा प्रसार खंडित झाल्याचे जाहीर करता आले. (याला ‘रोगाचे निर्मूलन’ म्हणू नये, परजीवी इतर जातींत आणि रानातल्या प्राण्यांत आहेच.) या एकाच जातीत अँडीजमधल्या आणि सखल प्रदेशातल्या ढेकणांच्या पेशींतील डीएनएच्या प्रमाणात सुमारे 30 टक्क्यांचा फरक आढळतो, तरी गुणसूत्रांची संख्या 22 हीच राहते आणि जात एकच मानली जाते. इतका फरक असूनही जात एक, आणि ताडावरचा व छपरातला ढेकूण तर आप्तच. अशा वेळी ‘रानटी’ हा शब्द वाचकाला सरळ चुकीच्या बाजूला नेतो.

जाता जाता आणखी एक. ‘ढेकणांना औषधाची सवय झाली’ असे वाक्य आपल्या मसुद्यात येण्याची शक्यता आहे; ते टाळावे. ग्रान चाको प्रदेशात, अर्जेंटिना आणि बोलिव्हियाच्या सीमाभागात, फवारणीतल्या पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशकांना दाद न देणारे ढेकूण आढळले आहेत. हे औषध ज्यावर घाव घालते त्या मज्जापेशीतील सोडियम मार्गिकेच्या (सोडियम आत सोडणाऱ्या दाराच्या) जनुकात बदल असलेले ढेकूण फवारणीतून वाचले आणि त्यांचीच वीण वाढली. येथे सवय कोणालाच झालेली नाही. ‘प्रतिकारक्षम ढेकूण निवडले गेले’ असे लिहावे.

विचारणाऱ्याकडून

मनःपूर्वक आभार. ‘परसवासी’ हा शब्द मी लगेच घेतला आहे. आता ‘वाहक’ तेवढा उरला. तो ठेवू का?

तिसरे उत्तर

एकटा ठेवू नका, ‘रोगवाहक कीटक’ असे पूर्ण लिहा. थॅलेसेमियाचे जनुक बाळगणाऱ्या निरोगी माणसालाही आपण वाहकच म्हणतो. चागास रोगात तर परजीवी अंगात असूनही अनेकांना दशकानुदशके लक्षणे दिसत नाहीत, तेव्हा नुसत्या ‘वाहक’वरून कीटक की माणूस, हे कळणार नाही. शिवाय ‘वाहणे’ म्हणजे आहे तसे इकडून तिकडे नेणे. सर्रा या जनावरांच्या रोगात ते तसेच घडते: चावऱ्या माशीच्या सोंडेला लागलेले रक्त ओले असेपर्यंत ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी हा परजीवी एका जनावरातून दुसऱ्यात जातो, माशीच्या अंगात वाढत नाही. (2004 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात याच परजीवीची लागण एका माणसाला झाल्याचे आढळले होते.) चागास ढेकणात मात्र परजीवी आतड्यात वाढतो, रूप बदलतो आणि गुदाशयात पोचल्यावरच संसर्ग करण्यायोग्य होतो. अंड्यातून निघालेल्या पिल्लात तो नसतो. पहिल्यांदा दूषित रक्त प्यायल्यावर तो येतो, आणि पाच वेळा कात टाकून प्रौढ झाल्यावरही टिकतो. पिल्लेही रोग पसरवतात, हे लेखात सांगावे लागेलच. त्या ठिकाणी ‘अळ्या’ न लिहिता मावा-तुडतुड्यांसाठी लिहितो तसे ‘पिल्ले’ लिहा, कारण या कीटकाला अळी आणि कोष या अवस्था नसतात.