शेंगदाण्याच्या डब्यावरचे दुरंगी पाखरू

बी-४०३ : सर्वांना नमस्कार. आज सकाळी शेंगदाण्याच्या डब्यावर बसलेल्या पाखराचा फोटो पाठवत आहे. आठवडाभर संध्याकाळी अशी चार-पाच पाखरे स्वयंपाकघरात उडत आहेत. ही लोकर खाणारी कसर असेल, तर सगळे कपाट रिकामे करावे लागेल, म्हणून विचारते.

सी-१०२ : काकू, कपाटाला हात लावू नका. लोकर खाणारे पाखरू साधारण एकरंगी, सोनेरी छटेचे असते. हे मिटलेल्या पंखांसह जेमतेम ८ ते १० मिलिमीटर भरते आणि त्याच्या पुढच्या पंखांत दोन रंग स्पष्ट दिसतात : डोक्याकडचा सुमारे एक तृतीयांश भाग ज्वारीच्या पिठासारखा फिकट, तर तिथून टोकापर्यंतचा भाग न घासलेल्या तांब्याच्या भांड्यासारखा लालसर तपकिरी, ज्यावर शिशाच्या रंगाच्या वेड्यावाकड्या रेघा असतात. डोकेही तपकिरी असल्यामुळे मधला फिकट पट्टा उपरणे गुंडाळल्यासारखा उठून दिसतो. मागचे पंख मात्र राखाडी, नक्षी नसलेले. याचे शास्त्रीय नाव प्लोडिया इंटरपंक्टेला. इंग्रजीत याला ‘इंडियन मील मॉथ’ म्हणतात, पण त्यातील ‘इंडियन मील’ म्हणजे अमेरिकेतील मक्याचे पीठ. आपल्या देशाचा त्या नावाशी संबंध नाही.

ए-२०१ : गेल्या पावसाळ्यात आमच्या तांदळात निघालेले पाखरू मात्र सगळेच करडे होते.

सी-१०२ : दादा, ते तांदळाचे पाखरू असावे, त्याच्या पंखांवर दोन रंगांचा असा ठळक सांधा नसतो. तरी एक काळजी घ्यावी. हा रंग पंखांवरच्या बारीक खवल्यांचा असतो आणि बोट लागले किंवा पाखरू दिव्यावर आपटत राहिले, की ते खवले भुकटीसारखे झडून तांबूस भाग फिका पडतो. त्यामुळे खिडकीत मरून पडलेल्या जुन्या पाखरावरून ओळख ठरवू नये. काकू, हे पाखरू स्वतः धान्य खात नाही, खातात त्या अळ्या. फवारणीवाल्याला बोलावण्याआधी डबा तळापर्यंत पाहावा, ही माझी कळकळीची विनंती.

बी-४०३ : डबा ताटात ओतून पाहिला. तळाचे दाणे रेशमासारख्या जाळीने एकमेकांना चिकटले आहेत आणि झाकणाच्या आट्यांत तपकिरी डोक्याची एक पांढरट अळी आहे. दाणे पिशवीत घट्ट बांधून टाकून देते आणि शेजारचा रव्याचा डबाही आत्ताच उघडते.