धडगावच्या डोंगरात ओझ्यासाठी लहान घोडा घ्यायचाय, कोणता घ्यावा?

पाड्यावरचा: रामराम मंडळी. आमचं शेत धडगावच्या वरच्या अंगाला आहे. गाडीरस्ता खालीच संपतो. खत-बियाणं वर न्यायचं, उन्हाळ्यात आमचुराच्या गोण्या खाली आणायच्या, सगळं डोक्यावर. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा बघावा असं घरात चाललंय. देखणा नको. चढाला दम न सोडणारा, साध्या चाऱ्यावर राहणारा, पोरांनाही बसता येईल असा हवा. स्पितीच्या घोड्याचं ऐकलंय, इकडे चालेल का?

तापीकाठ: दादा, स्पिती आणि झंस्कारी विसरा. पाय पक्के, ताकद दांडगी, पण ती हिमालयातल्या थंड हवेची जनावरं. आपल्या उन्हात त्यांचे हाल होतील.

आपल्याकडचं म्हणजे भीमथडी. भीमेच्या खोऱ्यातलं, मराठ्यांच्या घोडदळातलं हे जनावर. आता स्वतंत्र जात म्हणून त्याची अधिकृत नोंदही झाली आहे. उंची सव्वाचार फुटांच्या आसपास, खूर टणक. ते टिकलं धनगरांमुळे. त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट मुक्काम, हलतो तेव्हा पाल, भांडी, पीठ-मीठ सगळं त्याच्याच पाठीवर, आणि झोळीतून नुकत्याच जन्मलेल्या कोकरांची डोकी बाहेर आलेली असतात. पाठीवर संसार घेऊन ते घाट चढतं. आणखी काय हवं?

सारंगखेड्याला मात्र सगळा डौल मारवाडी-काठेवाडी घोड्यांचा. वरातीला उत्तम, पण तुमच्या कामाला महाग आणि नाजूक. जायचंच तर लहान तट्टांकडे जा. खोगीर उतरवायला लावून पाठीवरून हात फिरवा. मधेच पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर तिथे पूर्वी खोगीर लागून जखमा झालेल्या असतात. चारही पाय उचलू देतं का बघा.

गुरांचा_दवाखाना: व्यवहाराआधी ग्लँडर्सची रक्ततपासणी झाल्याचा दाखला मागा. हा रोग माणसालाही होतो आणि बाधित जनावर मारावंच लागतं. धनुर्वाताची लस टोचून घ्या, घोड्याला तो फार लवकर होतो. पावसाळ्यात माशा वाढल्या की त्यांच्यामुळे पसरणाऱ्या सर्रा रोगावर लक्ष ठेवा: ताप येऊन जातो, जनावर खंगतं, पायांवर सूज येते.

ओझं वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकंच. 200 किलोचं तट्टू असेल तर खोगिरासकट 40 किलो, दोन्ही बाजूंना सारखं.

पाड्यावरचा: म्हणजे एका खेपेला एक गोणीसुद्धा नाही?

गुरांचा_दवाखाना: भरलेली मोठी गोणी नाहीच. माल दोन लहान पोत्यांत वाटा आणि खेपा वाढवा. उतारावर सगळा भार पुढच्या पायांवर येतो, तिथेच जनावर लंगडं होतं.

माळावरचा: भाऊ, यात्रेची वाट कशाला बघता? साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळांना विचारा. चालून चालून तयार झालेली शांत घोडी मिळाली तर तीच घ्या. पोरं बसणार असतील तर नर नकोच.

पाड्यावरचा: घोडीच बघतो. ज्वारीचा कडबा घरचा आहे, वर भिजवलेला हरभरा किती द्यावा तेवढं सांगा.